गाडी जागची हलली नव्हती

इथे असे अनुभव लिहिणारा प्रत्येक जण सुरुवातीलाच शपथ घेतो, की ही घटना खरी आहे.

मी शपथ घेणार नाही. शपथ घेणाऱ्यांवर माझा विश्वास नसतो. सत्तावीस वर्षं मी अशाच लोकांचे कागद तपासत आलोय.

माझ्याजवळ या घटनेचे कागद आहेत. एक नोटीस, सात फोटो आणि माझ्याच अक्षरातली एक वही. ज्याला बघायचे असतील त्याने घरी यावं. चहा मिळेल.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. अशा गोष्टीला अंधार लागतोच असं वाटत असेल, तर इथेच थांबा. बुधवार होता. भर दुपार. लख्ख ऊन. डोळ्यांच्या दवाखान्यामागचं खाजगी पार्किंग, जागा क्रमांक सत्तेचाळीस.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

मी विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करतो. सर्वेअर म्हणतात आम्हाला. गाडी ठोकली, दुकान जळलं, गोदामात पाणी शिरलं, की कंपनी मला पाठवते. मी जागा बघतो, माणूस बघतो आणि सांगतो की तो खरं बोलतोय की नाही. माझा धंदाच संशयाचा. बायको म्हणते, तुम्हाला कोणी शुभ सकाळ म्हटलं तरी तुम्ही आधी घड्याळ बघता.

खरं आहे ते. बघतो.

माझ्या थोरल्या बहिणीशी, ताईशी, माझं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. कारण मीच. भाऊजींचं, म्हणजे तिच्या यजमानांचं, लाकडी सामानाचं दुकान होतं. ते जळून खाक झालं. नातेवाईक म्हणून ते काम माझ्याकडे येणं शक्यच नव्हतं, दुसऱ्या सर्वेअरकडे गेलं. तो माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. त्याने चहा पिता पिता सहज विचारलं, तुमचे भाऊजी माणूस कसे आहेत.

मी एकच वाक्य बोललो. "अलीकडे त्यांची जरा ओढाताण चालली होती."

वाक्य खोटं नव्हतं.

पण त्या वाक्यावरून पुढची चौकशी फिरली आणि दावा नामंजूर झाला. दुकान स्वतःच पेटवलं अशी कुजबुज सुरू झाली. ओळखीचे लोक भाऊजींना बघून रस्ता ओलांडायला लागले. त्यांनी हाय खाल्ली आणि दोन वर्षांत गेले. ते वाक्य माझं होतं हे ताईला कोणीतरी सांगितलं. त्या दिवसापासून तिने माझ्यासाठी दार बंद केलं.

आणि मी? मला आतून वाटायचं, की मी चुकलो नाही. त्यांनीच पेटवलं असणार. पण पुरावा नव्हता. हे कुसळ नऊ वर्षं सलत होतं.

मग एक दिवस अचानक ताईचा फोन आला. डोळे तपासायला जायचंय, डोळ्यांत औषध घातलं की काही तास नीट दिसत नाही, सोबत कोणी नाही. येशील का? एवढंच. कसा आहेस नाही, काही नाही.

मी गेलो.

सकाळी दहा पंचवीसला आमची गाडी त्या पार्किंगमध्ये शिरली. वाटेत ताई एक शब्द बोलली नव्हती. तपासणी झाली. ऑपरेशनची गरज नाही, थेंब घाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. अकरा वीसला आम्ही दोघं परत गाडीत येऊन बसलो. मी किल्ली फिरवली.

इथपर्यंत कोणाचाच वाद नाही.

यापुढचं मला जसं आठवतं, तसं सांगतो.

गाडी बाहेर काढली. ताईच्या घरी पोचलो. मी दारातूनच परत फिरणार होतो, तर ती म्हणाली, जेवून जा. नऊ वर्षांनी त्या स्वयंपाकघरात बसलो. तेच टेबल. एका पायाने डुगडुगणारी तीच खुर्ची. भात, भाजी, वाटीत दही. भाजीत मीठ जरा जास्त झालं होतं, पण मी गप्प बसलो.

जेवताना मध्येच एक आवाज यायचा.

टीं... टीं... टीं...

मग बंद. पुन्हा थोड्या वेळाने तसाच. मी विचारलं, तर ताई म्हणाली, शेजारी काहीतरी चालू असेल.

रस्त्याचा मात्र आवाज नव्हता. भर दुपारी एक गाडी गेली नाही. एक कुत्रं भुंकलं नाही. मला तेव्हा ते बरं वाटलं होतं.

आणि ताईने स्वतःचंही ताट वाढून घेतलं होतं, पण... त्यातलं एक शीतही कमी होत नव्हतं.

ती माझ्याकडे बघत बसली होती. मग अगदी शांतपणे म्हणाली, "आग त्यांनीच लावली होती. तुझं बरोबर होतं. मला तेव्हाच ठाऊक होतं."

माझा घास हातातच राहिला. काय वाटलं ते कसं सांगू? नऊ वर्षांचं ओझं उतरलं. डोळ्यांत पाणी आलं. मी बरोबर होतो.

मी जगात सगळ्यांवर संशय घेतो. तिला मात्र मी एक प्रश्न विचारला नाही. कसं कळलं, कधी कळलं, कशावरून... काहीच नाही. हे लक्षात ठेवा.

पुढचं थोडक्यात. साडेतीनच्या सुमाराला तिला आठवलं, की जुना चष्मा दवाखान्यातच राहिला. दोघं पुन्हा निघालो. मी वर जाऊन चष्मा आणला. पाच वाजून पाच मिनिटांनी पार्किंगमधून बाहेर पडलो आणि तिला घरी सोडलं. फाटकाशी ती काही न बोलता उतरली. ऊर भरून आला असेल, असं मी समजलो.

त्यानंतर मी तिला फोन केला नाही. मुद्दामच. चूक तिने कबूल केली होती, आता पुढचं पाऊल तिनेच उचलावं. तिचाही फोन आला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. ते पाच आठवडे मी इतका खुशीत होतो, की बायकोने विचारलं, अहो, बढती मिळाली की काय?

सहाव्या आठवड्यात नोटीस आली.

पार्किंग चालवणाऱ्या कंपनीची. तिथे फक्त दोन तास गाडी लावायला परवानगी होती. माझी गाडी सहा तास चाळीस मिनिटं होती. सबब, आकार भरावा.

हा काही सरकारी दंड नव्हे बरं का. खाजगी कंपनीचं बिल, दंडाचे कपडे घालून आलेलं. वर चिन्ह, लाल अक्षरं, चौदा दिवसांत भरलंत तर निम्म्यात सुटका, नाही तर वसुली. घाबरट माणूस पाकीट उघडायच्या आधीच पैसे भरून मोकळा होतो. यांचं त्यावरच चालतं.

मी हसलो. हा घोटाळा मला तोंडपाठ होता. त्यांचा कॅमेरा गेटवर असतो आणि फक्त येणं-जाणं टिपतो. तुम्ही एकाच दिवशी दोनदा आलात आणि मधलं जाणं-येणं कॅमेऱ्याने हुकवलं, समोर एखादा टेम्पो आडवा आला, तर यंत्र पहिलं येणं आणि शेवटचं जाणं एकमेकांना जोडून टाकतं. दोन फेऱ्यांची एक फेरी होते. अशी तीन प्रकरणं मी स्वतः लोकांना सोडवून दिली होती.

मी खणखणीत पत्र लिहिलं. अकरा वीसला बाहेर, साधारण चारला परत आत. तुमचा कॅमेरा दुरुस्त करा.

आठ दिवसांत उत्तर आलं. आपलं म्हणणं विचारात घेतलं आहे. आमच्या नोंदीप्रमाणे वाहन जागचं हललं नव्हतं. आकार भरावा.

मी फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक बाई बोलायला आल्या. आवाज गोड, उत्तर तेच.

मी चिडून विचारलं, "तुम्ही होतात का तिथे?"

"नाही सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही होतात. तुम्हाला नीट आठवतंय ना?"

साधा प्रश्न. रोज शंभर लोकांना विचारत असतील.

बायको म्हणाली, भरून टाका ना, एवढं काय त्यात. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, मग वन्संना विचारा की. त्या होत्याच सोबत. त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या, की संपलं.

अगदी बरोबर बोलली. मी दुसऱ्या कोणाचं प्रकरण बघत असतो, तर पहिलं काम तेच केलं असतं. एकुलता एक साक्षीदार आणि त्यालाच विचारायचं नाही, असं कोणी केलं असतं तर मी त्या माणसाला तिथल्या तिथे खोटारडा ठरवलं असतं.

पण मी ताईला विचारलं नाही.

विचारायचं म्हणजे त्या जेवणाबद्दल बोलावं लागणार. जेवणाबद्दल बोललो, की त्या वाक्यावर यावं लागणार. आणि तिने उलटून विचारलं, मी कधी असं म्हटलं... तर?

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ती नोटीस भरणं म्हणजे कबुली होती. गाडी हलली नाही, तर आम्ही घरी गेलो नाही. घरी गेलो नाही, तर जेवलो नाही. जेवलो नाही, तर ताई ते बोलली नाही. आणि ती बोलली नसेल, तर मी एका निरपराध माणसाला एका वाक्यात संपवलं होतं.

मी दुसरं पत्र लिहिलं. पुरावे पाठवा.

आठवड्याने जाड पाकीट आलं. सात फोटो. एक आत येतानाचा, एक बाहेर जातानाचा. मधले पाच तिथल्या पहारेकऱ्याने काढलेले. तो दर तासाला फेरी मारतो आणि उभ्या गाड्यांचे फोनवर फोटो घेतो, असं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं.

बारा वाजताचा फोटो. जागा सत्तेचाळीस. माझी गाडी. मी स्टिअरिंगमागे, ताई शेजारी.

म्हणजे अकरा वीसनंतर आम्ही निघालोच नव्हतो.

मी फोटो दिव्याखाली धरला. काहीतरी खटकत होतं. आम्ही दोघं... एकमेकांकडे बघत नव्हतो.

मी माझ्या खिडकीकडे वळलो होतो. ताई तिच्या खिडकीकडे. एकमेकांना पाठ करून बसल्यासारखे.

एक वाजताचा फोटो. तसंच. फक्त माझं तोंड उघडं. काहीतरी बोलत असल्यासारखं. ताईचंही तोंड उघडं.

दोनचा फोटो. माझा हात वर आला होता आणि पाची बोटं... घास घेताना जुळतात तशी जुळलेली होती.

तीनचा फोटो. मी रडत होतो. आणि ताई हसत होती. काचेकडे बघून.

माझ्या काचेपलीकडे सिमेंटचा खांब होता. तिच्या काचेपलीकडे रिकामी जागा.

फोटोत फेरफार असेल, हा विचार आधी आला. तेच तर माझं काम. मी भिंग काढलं. सावल्या बघितल्या. खांबाची सावली तासातासाला बरोबर तेवढी सरकली होती. मागच्या गाड्या बदलत होत्या. चारच्या फोटोत माझ्या गाडीच्या टपावर पिंपळाचं एक पान पडलेलं होतं, जे पाच पाचच्या फोटोत तिथेच होतं. खोटा फोटो करणारा एवढे कष्ट घेत नाही.

फोटो खरे होते.

बायकोने एकदा फोटोंकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. झोप लागली असेल दोघांना, ती म्हणाली. मग वातावरण हलकं करायला म्हणाली, "म्हणजे तुमची बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात झाला की."

मी हसलो नाही. तीही हसली नाही मग.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या पार्किंगमध्ये गेलो. पहारेकरी गेटजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. वयस्कर, सरळ माणूस. नोटीस दाखवली तर आधी हात वर केले, साहेब, मी फक्त फोटो काढतो, बाकी कंपनी. मग फोटो दाखवले. त्याला आम्ही आठवत होतो.

त्याने सांगितलं, की एकच्या फेरीला त्याने काच वाजवली होती. दोनदा. बरं वाटत नाही का, गाडी बंद पडली का, असंही विचारलं होतं. आम्ही वळूनही पाहिलं नाही.

"आतून ताटवाट्यांचा आवाज येत होता, साहेब. म्हटलं डबा खात असतील. वाकून बघितलं, तर मांडीवर काहीच नव्हतं."

मी विचारलं, मग तुम्ही दवाखान्यातून कोणाला बोलावलं का नाही?

तो जरा ओशाळला. "बोलणं चांगलं चाललं होतं हो तुमचं. घरचं बोलणं होतं. चार माणसं जेवत बसलेली असली, की मध्ये कोण पडतं?"

"चार?"

"दिसत तुम्ही दोघंच होतात," तो म्हणाला. "आवाज चौघांचे होते."

मी काही बोलणार, एवढ्यात मागे...

टीं... टीं... टीं...

मी दचकून वळलो. गेटची दांडी वर चालली होती. एक गाडी आत आली, दांडी खाली आली, आवाज थांबला.

ताईच्या स्वयंपाकघरात बसून मी हाच आवाज ऐकला होता.

घरी आलो. आणि तेव्हा मला माझी वही आठवली.

आम्हा लोकांना प्रवासखर्च मिळतो, त्यामुळे गाडी कुठेही नेली तरी निघताना आणि परतल्यावर किलोमीटरचा आकडा लिहायचा, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. खाजगी कामालाही हात आपोआप लिहितो. इतके दिवस वही खणातच होती. ती बघायचं मला सुचलं नाही असं मी म्हणालो, तर तुम्ही विश्वास ठेवू नका. मी नसता ठेवला.

माझ्या घरापासून ताईचं घर सहा किलोमीटर. ताईकडून दवाखाना चौदा. मध्ये जेवायला जाऊन आलो असतो, तर अडुसष्ट व्हायला हवे होते.

वहीत चाळीस होते.

माझं अक्षर. माझी शाई. त्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः लिहिलेलं.

सगळ्या जगाचे कागद तपासले आणि आपल्याच कागदावर येऊन आपटलो.

मी नोटीस भरली. संगणकावर भरताना एका चौकटीत खूण करावी लागते. 'वाहन संपूर्ण काळ जागेवरच होते हे मला मान्य आहे.' ते वाक्य मी दोनदा वाचलं. मग खूण केली.

भाऊजींनी आग लावली की नाही, हे मला त्या क्षणी कळलं असं नाही. एवढंच कळलं, की त्यांनी लावली असं म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. माझ्याशिवाय.

जे मला ऐकायचं होतं तेच मला कोणीतरी ऐकवलं होतं. कोणी, ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी फोटोंचं पाकीट घेतलं आणि ताईकडे निघालो. ठरवून निघालो. माफी मागायची. काही विचारायचं नाही, काही समजवायचं नाही, आधी माफी.

ताईने दार उघडलं. मला बघून हसली. इतकी मोकळी हसली, की लहानपणची ताई समोर आली.

"अरे, कालच तर जेवून गेलास. आज काय, काही राहिलं का?"

मला वाटलं थट्टा करतेय. आत गेलो. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलो. खुर्ची... हलली नाही.

मी खाली वाकून बघितलं. डुगडुगणाऱ्या पायाखाली लाकडाची नवी चकती ठोकलेली होती. चार बारीक खिळे, एका रेषेत.

"छान बसवलीस हो ती," ताई पाणी देत म्हणाली. "यांच्यानंतर या घरात कोणी हातोडी धरली नव्हती."

मला खिळा सरळ ठोकता येत नाही. घरात कोणालाही विचारा.

मी ग्लास खाली ठेवला. आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, की ताई, आपण पहिल्यांदा जेवलो, दवाखान्यातून आल्यावर, त्या दिवशी मी काय बोललो होतो?

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट तिचा चेहरा उजळला. ती भरभरून सांगायला लागली. त्या दिवशी मी म्हणे जेवता जेवता उठलो. तिचे पाय धरले. म्हणालो, भाऊजींनी काही केलं नव्हतं, मला तेव्हाही माहीत होतं, एका वाक्याने मी त्यांना मारलं, मला माफ कर. आणि लहान मुलासारखा रडलो.

"तू जेवला नाहीस बघ त्या दिवशी," ती म्हणाली. "ताट तसंच राहिलं. कालही तसंच ठेवलंस. माझ्या हातचं आवडत नाही का आता?"

तिच्या बोलण्यातून कळलं, की त्या दिवसापासून माझ्या रूपातला तो दर बुधवारी येत होता. एक वाजता. जेवायला बसायचा, दर वेळी पुन्हा माफी मागायचा, भाऊजींबद्दल चांगलं बोलायचा. जाताना एखादं काम करून जायचा. म्हणून तिने मला कधी फोन केला नव्हता. तिला गरजच पडली नव्हती.

तिकडे माझ्यासमोर बसून ताई कबुली देत होती, इकडे तिच्यासमोर बसून मी माफी मागत होतो. आणि आम्ही दोघं खरे, एका बंद गाडीत, एकमेकांना पाठ करून.

मी पाकीट उघडलं. फोटो टेबलावर मांडले. ताई, तो मी नव्हतो, म्हणालो. नोटीस, पहारेकरी, वही, सगळं एका दमात सांगितलं. माझ्या आठवणीतल्या जेवणात ती मला काय म्हणाली होती, तेवढं मात्र सांगितलं नाही. आणि म्हणालो, बुधवारी दार उघडू नकोस.

ताईने चष्मा पुसला. एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. तीनचा फोटो तिने फार वेळ धरला. त्यात ती हसत होती.

घरात काही आवाज नव्हता. मला रस्त्यावरची एखादी गाडी ऐकू यावी असं फार वाटत होतं.

शेवटी तिने मान वर केली. ती घाबरली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे ज्या नजरेने बघायची, त्याच नजरेने बघत होती. मी लोकांकडे बघतो, त्या नजरेने.

"तो येतो आणि माफी मागतो," ती म्हणाली. "तू आलास आणि कागद आणलेस. यात माफी कुठे आहे?"

मला कळत होतं काय बोलायचं. मी त्यासाठीच आलो होतो. वाटेत दहा वेळा घोकलं होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं ते हे...

"पण ताई, आग नक्की लागली कशी होती?"

देवाशप्पथ, मला ते विचारायचं नव्हतं.

तिने फोटो गोळा केले. कडा जुळवल्या, पाकिटात घातले आणि पाकीट माझ्या हातात दिलं. दारापर्यंत सोडायला आली.

"तो हे कधी विचारत नाही," ती म्हणाली. "तुला यायचं तर ये. पण बुधवारी येऊ नकोस."

या गोष्टीला आता चार आठवडे झाले. बायको म्हणते, जा, आणि नीट माफी मागून ये. मी तयारी करतो. गाडीची किल्ली घेतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो. कारण मी जे काही म्हणेन, ते तिने आधीच ऐकलेलं आहे. माझ्याच आवाजात, माझ्यापेक्षा चांगलं. मी आता ते म्हटलं, तर तिला मीच नकली वाटेन.

तो कोण आहे, मला माहीत नाही. भाऊजी असतील का? खिळे बघून एकदा वाटलं होतं. पण भाऊजी माझं सोंग घेऊन माझ्यासाठी माफी कशाला मागतील? आणि ते असतील, तर माझ्यासमोर ताईच्या रूपात बसून स्वतःवरच आळ घेणारं ते कोण होतं? माझ्याकडे एकही उत्तर नाही. ज्याच्याकडे असेल त्याने सांगावं.

हे लिहितोय तो बुधवार आहे. पावणेएक झालाय. गाडी खाली उभी आहे, मी आताच खिडकीतून बघितलं. तिकडे ताईने दोन ताटं वाढायला घेतली असतील.